तुम्ही विचारलंत म्हणून: संघावर बंदी का घालत नाहीत?

"ताई, एवढं सगळं उघड झालं, तरी त्या कॉलेजच्या संघावर कायमची बंदी का नाही घातली?" अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांत लैंगिक अत्याचाराचं आणि ते दडपल्याचं प्रकरण बाहेर आलं की हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुतेक आपलेच असतात. कुणाची मुलगी पोहण्याच्या किंवा टेनिसच्या शिष्यवृत्तीवर इकडे यायची असते, कुणी गणपतीत महाराष्ट्र मंडळात भेटतं, कुणी पुण्याहून फोनवर विचारतं. मी अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहते. इथल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी कचेरीत मी बरीच वर्षं काम केलं. म्हणून हिला माहीत असेल, असं लोकांना वाटतं.

बंदी संघावर नको, माणसांवर हवी, असं माझं मत आहे. आणि बंदीच्याही आधी एक काम करायला हवं: खेळाडूच्या तक्रारीचा रस्ता क्रीडा विभागातून जाता कामा नये. हे मत रागाच्या भरात बनलेलं नाही. दहा वर्षांत इथे जे घडलं ते पाहून बनलं आहे.

कॉलेजांच्या खेळांचा कारभार इथे एनसीएए ही संघटना पाहते. सुमारे ११०० कॉलेजं तिची सदस्य आहेत आणि तिचे नियम हीच कॉलेजं मिळून ठरवतात. हे नियम मुख्यतः स्पर्धा समान पातळीवर व्हावी यासाठी आहेत. खेळाडूला शिष्यवृत्ती किती द्यायची, प्रशिक्षकानं बारावीच्या मुलाला फोन कधी करायचा, फुकट जेवण किंवा गाडी कुणी दिली तर काय करायचं, असा सगळा तपशील तेव्हा त्यात असायचा. २०११च्या नोव्हेंबरमध्ये पेन स्टेटचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा संघटनेच्या हातात होतं ते हेच नियमपुस्तक.

पेन स्टेट विद्यापीठ पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या लहानशा गावात आहे. गावाच्या वस्तीपेक्षा तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमची आसनं जास्त, एक लाखाच्या वर. जेरी सँडस्की तिथे अनेक वर्षं सहायक प्रशिक्षक होता. गरीब घरच्या मुलांसाठी त्यानं एक संस्था काढली होती आणि त्याच मुलांवर तो अत्याचार करत होता. २००१ मध्ये संघातल्याच एका तरुण सहायकानं त्याला एका लहान मुलाबरोबर शॉवरमध्ये पाहिलं. त्यानं मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नोंना सांगितलं. पॅटर्नोंनी क्रीडा संचालकांना सांगितलं. संचालकांनी वरच्या उपाध्यक्षांबरोबर आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांबरोबर बोलणं केलं. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. त्यानंतर दहा वर्षं सँडस्की मोकळा होता. २०१२च्या जूनमध्ये ४८ पैकी ४५ आरोपांत तो दोषी ठरला आणि त्याला ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. अध्यक्ष, संचालक आणि उपाध्यक्ष या तिघांनाही पुढे न्यायालयानं मुलांचं रक्षण न केल्याबद्दल दोषी धरलं.

ही बातमी क्रीडा विभागात खालून वर जात राहिली, बाहेर मात्र आलीच नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मधल्या प्रत्येकानं आपलं काम केलं असं त्याला वाटत असणार, कारण त्यानं ती गोष्ट 'वर' सांगितली होती. पण वर बसलेल्या प्रत्येकाची प्रतिष्ठा आणि पगार शनिवारच्या सामन्याशी बांधलेला होता.

२०१२च्या जुलैत एनसीएएनं पेन स्टेटला शिक्षा सुनावली. ६ कोटी डॉलरचा दंड, चार वर्षं मोसमानंतरच्या सामन्यांवर बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, आणि १९९८ ते २०११ या काळातले सगळे विजय नोंदीतून रद्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तेव्हाही प्रश्न पडला होता की या शिक्षेनं नक्की कुणाला शिक्षा झाली. २०१२ च्या संघातली पोरं २००१ मध्ये प्राथमिक शाळेत होती. ज्यांनी तोंड बंद ठेवलं ते तोवर पदावर राहिले नव्हते, आणि त्यांच्यातले काही फौजदारी खटल्याला तोंड देत होते. शिवाय संघटनेनं स्वतः काहीच तपास केला नव्हता. विद्यापीठानं नेमलेल्या एका चौकशीच्या अहवालावरच शिक्षा उभी होती. पुढे कोर्टात संघटनेच्या अधिकाऱ्यांचे आपापसातले ईमेल बाहेर आले. आपण आपला अधिकार ताणतो आहोत, हे त्यांना आतून ठाऊक होतं. २०१५च्या जानेवारीत तडजोड झाली आणि ते विजय परत नोंदीत आले.

मधली अडीच वर्षं पेनसिल्व्हेनियात वाद कशावर चालला? पॅटर्नोंचे १११ विजय परत द्यायचे की नाही, यावर. ती मुलं, त्यांचे उपचार, असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं बाजूला पडलं. खेळाच्या भाषेत शिक्षा दिली की लोकांची चर्चाही खेळाचीच होते. त्या शिक्षेतल्या दोन गोष्टी मला पटतात. एक म्हणजे, संघातल्या खेळाडूंना मोसम न गमावता दुसऱ्या कॉलेजात जायची मुभा मिळाली. दुसरी म्हणजे, दंडाचे पैसे मुलांवरील अत्याचार रोखण्याच्या कामासाठी राखले गेले.

मग लंबक उलटा फिरला. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात फुटबॉल खेळाडूंवर लैंगिक हल्ल्याचे आरोप झाले. २०१६ मध्ये विद्यापीठानं स्वतः प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत एक गोष्ट आहे, ती मी लोकांना नेहमी सांगते. फुटबॉल विभागातली माणसं काही वेळा तक्रारदार मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना थेट भेटली होती, त्यांनी आपल्या परीनं चौकशी केली होती, आणि पुढे कुणालाच कळवलं नव्हतं. विचार करा, बेलर जिथे आहे त्या वेकोसारख्या गावात कुणाची मुलगी तक्रार करते आणि तिच्या घरच्यांसमोर येऊन बसतो तो आरोपीच्याच संघातला माणूस! पाच वर्षांनी, २०२१च्या ऑगस्टमध्ये, एनसीएएच्या समितीनं निकाल दिला. आपण हे फार नाइलाजानं करतो आहोत असं सांगून समितीनं लिहिलं की लैंगिक हिंसेच्या तक्रारी दडपणं हा आमच्या नियमांचा भंग ठरत नाही. दुसऱ्या काही बाबींसाठी चार वर्षांची देखरेख लागली आणि दंड झाला ५००० डॉलर.

एकीकडे ६ कोटी आणि एकीकडे ५००० डॉलर! बेलरचं प्रकरण लहान होतं म्हणून असं झालं नाही. नियम आधी लिहिलेला नव्हता म्हणून झालं. पेन स्टेटच्या वेळी देशभर संताप होता, तेव्हा नियम नसताना शिक्षा झाली. बेलरच्या वेळी नियम नाही म्हणून हात वर केले. फुकट जेवणावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या संघटनेला 'तक्रार ऐकलीस आणि कळवली नाहीस तर तुझी प्रशिक्षक म्हणून नोकरी जाईल' हे एक वाक्य लिहायला कुणी अडवलं होतं? मला याचा खरोखर राग येतो.

आणि प्रशिक्षकांचा विचार करतानाच डॉक्टर सुटून जातात. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा लॅरी नासर डॉक्टर होता. ओहायो स्टेट विद्यापीठाचा रिचर्ड स्ट्रॉस डॉक्टर होता. मिशिगन विद्यापीठाचा रॉबर्ट अँडरसनही डॉक्टरच. तिघेही खेळाडूंना तपासायचे आणि तिघांच्याही अत्याचारांबद्दल आतल्या लोकांच्या कानावर कधी ना कधी आलं होतं. स्ट्रॉसनं किमान १७७ विद्यार्थ्यांवर अत्याचार केले, असं २०१९च्या चौकशी अहवालात आहे. हे सगळे मुलगे होते, त्यात पैलवान बरेच. आपल्याकडच्या पालकांना हे ऐकून धक्का बसतो, कारण आपल्या डोक्यात धोका फक्त मुलींना असतो. १९९६ मध्ये विद्यापीठानं त्याचं विद्यार्थ्यांना तपासण्याचं काम काढून घेतलं, पण प्राध्यापक म्हणून ठेवलं, आणि १९९८ मध्ये तो सन्मानाची पदवी घेऊन निवृत्त झाला!

नासरचं प्रकरण माझ्या मते तक्रार कशी हाताळू नये याचा धडाच आहे. २०१४ मध्ये एका तरुण स्त्रीनं विद्यापीठाकडे रीतसर तक्रार केली. नासरनं जे केलं ते वैद्यकीय उपचारात बसतं का, हे ठरवायला विद्यापीठानं मत मागवलं ते त्याच विद्यापीठाशी संबंधित, त्याला ओळखणाऱ्या तज्ज्ञांचं. अर्थातच तो निर्दोष ठरला आणि पुन्हा मुलींना तपासू लागला. २०१६ मध्ये रेचल डेनहोलँडर या माजी जिम्नॅस्टनं पोलिसांकडे तक्रार केली आणि इंडियानापोलिसच्या वर्तमानपत्राला आपल्या नावानिशी सगळं सांगितलं, तेव्हा धरण फुटलं. २०१८च्या जानेवारीत १५० हून जास्त स्त्रिया आणि मुली न्यायालयात उभं राहून बोलल्या. विद्यापीठानं पीडितांना ५० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला, केंद्राच्या शिक्षण खात्यानं नंतर ४५ लाखांचा दंड केला. आणि एनसीएए? २०१८च्याच ऑगस्टमध्ये तिनं कळवलं की आमचा कोणताही नियम मोडलेला नाही.

तर क्रीडा संघटनेनं काय करावं? पहिलं म्हणजे गुन्ह्याचा तपास तिनं करू नये. तो पोलिसांचा आहे, आणि विद्यापीठाच्या पातळीवरचा भाग १९७२च्या, शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या टायटल नाइन कायद्याखाली येतो. संघटनेचं काम यापेक्षा लहान आहे आणि फक्त तीच ते करू शकते: कोण प्रशिक्षक राहील, कोण संघाबरोबर प्रवास करेल, कोण खेळाडूच्या अंगाला हात लावेल, हे ठरवणं. यासाठीचं हत्यार तिच्याकडे आधीपासून आहे. प्रशिक्षकानं नियम मोडला तर त्याच्यावर अशी शिक्षा लावता येते की दुसरं कॉलेज त्याला घेऊ पाहील तर त्या कॉलेजलाही संघटनेपुढे जाब द्यावा लागतो. आजवर ती वापरली गेली ती मुख्यतः पैशांच्या आणि भरतीच्या भानगडींसाठी. तक्रार दाबणाऱ्यालाही ती लागू झाली पाहिजे. बेलरनं काढलेले मुख्य प्रशिक्षक पुढे टेक्सासच्या एका शाळेत प्रशिक्षक झाले, आणि २०२२ मध्ये लुइझियानातल्या एका विद्यापीठानं त्यांना नेमलंसुद्धा. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून चार दिवसांत त्यांनी पद सोडलं. असं काम लोकांच्या आरड्यावर सोडायचं नसतं.

संघाच्या डॉक्टरची आणि फिजिओची नेमणूक, पगार, बढती यांत क्रीडा संचालकाचा हात नसावा. त्यांनी वैद्यकीय केंद्राच्या प्रमुखाला उत्तर द्यावं. तपासणीच्या वेळी तिसरं माणूस खोलीत असावं, आणि ते खेळाडूनं मागायची वाट न पाहता असावं. अठरा वर्षांची मुलगी, शिष्यवृत्तीवर आलेली, घरापासून लांब, ती कुणाकडे काही मागत नाही. मी अशा मुली माझ्या टेबलासमोर बसलेल्या पाहिल्या आहेत. त्या गुडघ्याच्या दुखण्याबद्दलसुद्धा तक्रार करत नाहीत, का तर संघातली जागा जाईल.

एनसीएएनं गेल्या काही वर्षांत काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१७ पासून कॉलेजच्या अध्यक्षांना आणि क्रीडा संचालकांना दरवर्षी सही करून कळवावं लागतं की आम्ही खेळाडूंना लैंगिक हिंसेबद्दल शिक्षण दिलं. २०२० मध्ये ठरलं की खेळाडूनं आपल्यावर पूर्वी अशी कारवाई झाली असेल तर ती सांगायची. चांगलं आहे. पण ही मोठ्यांनी स्वतःच भरलेली फॉर्मं आहेत, आणि उघड करण्याची सक्ती आहे ती खेळाडूवर. पेन स्टेट, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट या तिन्ही ठिकाणी खेळाडूंनी काही लपवलं नव्हतं. लपवलं होतं ते मोठ्यांनी.

"पण संघावर बंदी आली नाही तर कॉलेजला झळ कशी लागणार?" असं मला विचारतात. झळ ५० कोटींची लागली, पण ती दिवाणी दाव्यांतून लागली. शिवाय मला भीती वेगळीच वाटते. संघच बुडणार हे ठाऊक असेल तर पुढच्या वेळी तोंड बंद ठेवण्याचं कारण आणखी मोठं होईल. गावातला दुकानदार, माजी विद्यार्थी, संघातले मित्र, सगळेच मग तक्रार करणाऱ्या मुलीकडे संघ बुडवणारी म्हणून पाहतील. ज्या मुलीनं हे आधीच भोगलं आहे तिच्या डोक्यावर हा भार घालायचा? मला ते मान्य नाही.

फोनवर पुण्याचे लोक मग म्हणतात, तुमच्याकडे निदान चौकशी तरी होते. मी त्यांना सांगते की कागदावर आपला कायदा काही बाबतींत इथल्यापेक्षा स्पष्ट आहे. कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हे नाव घेऊन लिहिलं आहे. पॉक्सोखाली अठरा वर्षांखालच्या मुलावरचा अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हाच आहे, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. पेन स्टेटमध्ये जे घडलं, त्याला आपल्या कायद्यात सरळ उत्तर आहे. तरीही २०२३ मध्ये महिला पैलवानांना जंतरमंतरवर बसावं लागलं, कारण तक्रार ज्यांच्याबद्दल होती ती माणसं त्याच महासंघाच्या खुर्चीवर होती. तुमच्या मुलीच्या कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती आहे का आणि तिच्यात क्रीडाशिक्षकांचे कोण बसतात, हे विचारायला अमेरिकेला यावं लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ठाण्याच्या एका आईनं मला विचारलं, मुलीला पोहण्याची शिष्यवृत्ती मिळते आहे, पाठवू का. मी म्हटलं, जरूर पाठवा. फक्त प्रशिक्षकाबरोबर व्हिडिओ कॉल होईल तेव्हा तरणतलाव किती मोठा आहे एवढंच विचारू नका. संघाच्या डॉक्टरचा वरिष्ठ कोण, मालिशच्या खोलीत मुलगी एकटी असते का, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर कोण राहतं, आणि तक्रार करायची असेल तर क्रीडा विभागाबाहेर कुणाचा नंबर आहे, हेही विचारा. तो अडखळला तर दुसऱ्या कॉलेजाला फोन लावा.