12 मार्चचं तिकीट

तिकिटावर छापलं होतं 12 मार्च 2016. 'एक्स जपान' या जपानी रॉक बँडचा लंडनमधला तो कार्यक्रम झाला 4 मार्च 2017 ला. मधल्या वर्षात मी लीड्सचं शिक्षण संपवून पुण्याला परतले, हिंजवडीत नोकरीला लागले आणि एका संध्याकाळसाठी पुन्हा ब्रिटनचा व्हिसा काढला.

'एक्स जपान' मला हॉस्टेलमधल्या एका सीनियरच्या हार्ड डिस्कमध्ये सापडला. टोकियो डोम, 31 डिसेंबर 1997, बँड मोडतानाचा शेवटचा कार्यक्रम. गुलाबी केसांचा गिटारिस्ट हिदे त्यानंतर चारच महिन्यांनी, मे 1998 मध्ये गेला. म्हणजे मी प्रेमात पडले तेव्हा तो बँड होता तसा उरलेलाच नव्हता. 2007 मध्ये बाकीचे पुन्हा एकत्र आले, तरी माझ्या डोक्यात हार्ड डिस्कवालेच होते. परदेशातल्या बहुतेक चाहत्यांचं हेच होतं. 'व्हिज्युअल' म्हणजे नटूनथटून रॉक वाजवायची त्यांची शैली; ते म्हटलं की आम्हाला 1989 चे आभाळाला टेकलेले केस, झालरी आणि काजळ हवं असायचं. ती माणसं मात्र पन्नाशीला आली होती.

वेम्ब्ली अरीनाचं तिकीट मी विद्यार्थी असताना घेतलं. मग 2016 च्या सुरुवातीला बातमी आली की गिटारिस्ट पाटा रुग्णालयात आहे: आतड्याचा आजार आणि रक्ताची गुठळी. कार्यक्रम वर्षभर पुढे. तिकीट तेच चालणार होतं, पण माझा विद्यार्थी व्हिसा जानेवारी 2017 मध्ये संपत होता.

पुण्यात आल्यावर एका एजंटाने सल्ला दिला, "मॅडम, मैफल-बिफल लिहू नका, टुरिझम लिहा." मी खरं तेच लिहिलं. पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, सगळं जोडलं. अडचण फक्त पुराव्याची होती. प्रवास 2017 चा आणि तिकीट 2016 चं! फाइल बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई वर्षभर उशिरा निघाल्यात. तारीख बदलल्याची ईमेल, नवी तारीख दाखवणारं पान आणि अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण लावलं. त्या स्पष्टीकरणात पाटाच्या आतड्यांचाही उल्लेख होता. बोटांचे ठसे देऊन आले आणि रोज कुरियरची वाट बघत बसले. पासपोर्ट आला, व्हिसा होता.

आईचा प्रश्न ठरलेला: "रंगवलेल्या पुरुषांसाठी लंडनला?" आजी मात्र शांतपणे म्हणाली, "बालगंधर्व उतारवयातही भामिनी करायचे. लोक जायचेच की. डोळे मिटून पूर्वीचे गंधर्व बघायचे." त्यावर आईला काही बोलता येईना.

वेम्ब्लीच्या रांगेत माझ्यापुढे एक जपानी बाई होती, पन्नाशीची, साधा काळा कोट. आसपासची युरोपियन मुलंमुली गुलाबी विगात, चेहरे पांढरे करून आलेली. बाईंनी त्यांच्याकडे कौतुकाने बघून मोडक्या इंग्रजीत सांगितलं की तरुणपणी त्याही अशाच नटून जायच्या. जपानमध्ये मैफलीत फोटो काढायला बहुधा बंदीच असते. इथे सगळ्यांचे हात फोन धरून वर. त्या कशाला हात लावत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मीही दोन गाण्यांनंतर फोन खिशात टाकला.

ड्रमर योशिकीचे केस आभाळाला टेकलेले नव्हते. ड्रम्सवर तो इतका तुटून पडत होता की मला त्याच्या मानेची काळजी वाटायला लागली. (त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे काळजी फुकटची नव्हती.) 'कुरेनाई' हे गाणं सुरू झालं आणि माझी तुलना कुठल्या कुठे गेली. 'एक्स' या गाण्याच्या वेळी हातांची फुली डोक्यावर धरून हजारो माणसं एकदम उडी मारतात, तेव्हा पायाखालची जमीन खरंच हलते. आमची अर्धी तयारी त्या उडीचीच होती. पण हिदेचं नाव घेत गर्दी ओरडली तेव्हा शेजारच्या त्या बाई गप्प राहिल्या, आणि मलाही ओरडवेना.

'एंडलेस रेन' तर बराच वेळ आम्हीच गात होतो.

हॉटेलवर पोचेपर्यंत भारतात पहाट झाली होती. आजी लवकर उठते म्हणून फोन केला. तिचा एकच प्रश्न होता.

"आवाज लागला का गं त्याचा?"

"आमचा बसलाय," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.