पवईचं ओपन हाउस: जावं की घरी बसावं?

आयआयटी प्रवेशाच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेचा निकाल लागला की घरात दोन दिवस पेढे आणि तिसऱ्या दिवसापासून वादावादी. आमच्याकडचा वाद होता, पवईच्या आयआयटी मुंबईत मेटलर्जी (धातुशास्त्र, म्हणजेच 'मेटा') की आयआयटी धारवाडला कॉम्प्युटर. मुलींसाठीच्या जादा जागा धरल्या तर लेकीच्या रँकला दोन्ही आवाक्यात दिसत होतं. तिचे बाबा 'नाव मोठं ते घे' या पक्षाचे. त्यातच आयआयटी मुंबईच्या ओपन हाउसचं (प्रवेशाआधी मुला-पालकांना कॅम्पस आणि विभाग दाखवायचा दिवस) कळलं, तर तेच म्हणाले, "सगळं यूट्यूबवर असतं, सोलापूरहून तिथवर कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. 2025 साली निकाल 2 जूनला लागला आणि जोसाचे (आयआयटीच्या जागावाटपाची सामाईक प्रक्रिया) पसंतीक्रम 12 जूनला बंद झाले. म्हणजे हातात दहा दिवस, त्यातला एक अख्खा दिवस आणि दोन रात्री प्रवासात घालवायच्या. शेवटी मी लेकीला म्हटलं, उत्तर मिळाल्यावर तुझा क्रम बदलेल असेच प्रश्न कागदावर लिही. सात लिहिले. चारांची उत्तरं जोसाच्या आणि संस्थेच्या वेबसाइटवर तासाभरात सापडली (मागच्या वर्षांच्या सुरुवातीच्या-शेवटच्या रँक तिथेच असतात, त्यासाठी तिकीट काढू नका). तीन उरले, म्हणून निघालो. एकही उरला नसता तर मी गेले नसते. रँक सत्तरीच्या आत असेल आणि मुंबईचं कॉम्प्युटरच हवं असेल, तर तिथे फक्त फोटो काढायला जाणं होईल.

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली. सोलापूरकरांनो, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. ठाण्याला उतरा, स्लो लोकलने कांजूरमार्ग, पश्चिमेला बाहेर पडून रिक्षा. रविवार असेल तर परतीसाठी मेगाब्लॉक आधी बघून ठेवा. सकाळी लवकर पोचल्यामुळे तोंड धुवायची सोय ठाण्यातच उरकावी लागली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत होती, ती कामी आली. मी नवे सँडल घालून गेले, ते मात्र चुकलं. कॅम्पस पवई तलावाला लागून पसरलाय, आत 'टमटम' म्हणतात ती बस फिरते, पण विभागांमधली पायपीट चुकत नाही आणि जूनचा पाऊस कधीही येतो. (तलावात मगरी आहेत हे आधी माहीत असतं तर काठावर उभं राहून फोटोसाठी हट्ट केला नसता.)

सभागृहातलं भाषण ऐकलं. पालकांचे प्रश्न मुख्यतः पॅकेजचे. मीही तोच विचारणार होते, लेकीने कोपर मारलं.

खरा दिवस सुरू झाला तो विभागात गेल्यावर. प्रयोगशाळेत माहिती द्यायला एक तिसऱ्या वर्षाची मुलगी उभी होती. मराठी कळल्यावर ती मोकळी झाली. लेकीने विचारलं, "मेटाला राहून कॉम्प्युटरचा मायनर (जोडविषय) जमतो का?" ती म्हणाली, "जमतो, पण आधी एक सांग. तुला धातूंचं काही वाचावंसं वाटतं का? काकू, तुम्ही नाही, तिला बोलू द्या." लेक गप्प झाली. मग ती म्हणाली, "इथे मेटा मनापासून आवडणारे आहेत, त्यांची मजा आहे. जे फक्त बाहेर पडायची वाट बघत येतात, त्यांना पहिलं वर्ष जड जातं." हे कोणत्याही व्हिडिओत आम्हाला मिळालं नव्हतं.

म्हणून सांगते, हॉलमध्ये पुढच्या खुर्चीसाठी धडपडू नका. विद्यार्थी जिथे उभे असतील तिथे वेळ घाला आणि पालकांनी दहा पावलं मागे राहा. आपण बाजूला असलो की मुलं वेगळेच प्रश्न विचारतात. ब्रँच बदलायचा नियम मात्र कुणाच्या तोंडचा धरू नका. संस्थेगणिक वेगळा असतो आणि बदलतोही, त्या वर्षीचा लेखी नियम वाचा. जागा मिळाल्यावर जोसात निवडायच्या फ्रीझ, फ्लोट, स्लाइडचा घोळही आधीच समजून घ्या. फ्रीझ म्हणजे मिळालं तेच पक्कं. स्लाइड म्हणजे संस्था तीच ठेवून वरची ब्रँच, फ्लोट म्हणजे यादीतलं वरचं काहीही.

एक बाजू बघून ठरवणं बरोबर नाही, म्हणून धारवाडच्या एका सिनियरशी फोनवर बोलणं करून ठेवलं होतं. तिथला स्वतःचा कॅम्पस 2023 पासून आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. बाकीचं त्याने अर्धा तास सांगितलं, मेसच्या तक्रारीसकट.

परतीला दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत धरायची तर विभाग अर्धवट सोडून निघावं लागतं. आम्ही रात्रीच्याच गाडीने निघालो. कल्याण यायच्या आत लेकीने फोनवर क्रम बदलला होता. धारवाड वर, पवई त्याखाली. तिच्या बाबांना हे मी दुसऱ्या दिवशी, त्यांचा चहा पिऊन झाल्यावर सांगितलं.