फॉग लाइट लावल्यानंतर बिघडलेली वायरिंग : माझा अनुभव

मोटरसायकलला जास्तीचे दिवे लावल्यानंतर विजेच्या तक्रारी सुरू झाल्या, तर सगळ्यांत आधी बॅटरी बदलू नये. हे मी पहिल्याच ओळीत लिहीत आहे, कारण मला पुन्हा पुन्हा हेच उत्तर देण्यात आले आणि त्या उत्तरापायी माझी चांगली चालणारी बॅटरी भंगारात गेली. त्याचा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

माझ्या गाडीला लावलेले फॉग लाइट एलईडीचे, प्रत्येकी २० वॉटचे, म्हणजे दोन्ही मिळून ४० वॉटचे होते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात, म्हणजे जास्तीचा करंट जेमतेम ३ अँपिअर. हेडलाइटचा एच-४ हॅलोजन बल्ब एकटाच लो बीमवर ५५ आणि हाय बीमवर ६० वॉट घेतो, तेव्हा एवढ्या भाराने धडधाकट चार्जिंग व्यवस्था कोलमडण्याचे कारण नाही. हा हिशेब ज्याने त्याने दिवे घेण्यापूर्वीच करावा. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, आणि वायर, फ्यूज, स्विच हे सगळे त्याच आकड्यावरून ठरते.

दिवे बसवल्यावर काही आठवडे सगळे ठीक होते. मग रात्रीच्या प्रवासात अर्ध्या तासानंतर विचित्र गोष्टी घडू लागल्या. इंडिकेटर लावला की त्याच्या ठेक्यावर हाय बीमचा निळा दिवा मंद लुकलुकू लागे. खड्ड्यातून गाडी गेली की स्पीडोमीटरचा पडदा क्षणभर विझे आणि काटा शून्यावर जाऊन पुन्हा वर येई. हॉर्नचा आवाज बसका येई. फॉग लाइट बंद केले की थोड्या वेळाने हे सगळे आपोआप थांबे.

दिवे ज्या वर्कशॉपने बसवले होते, तिथेच गाडी नेली. गाडी तासन्‌तास उभी राहिली, मग कोणीतरी चावी फिरवली, दिवे दोन मिनिटे लावून पाहिले, टेस्ट लॅम्पचे (वीज पोहोचते का हे दाखवणाऱ्या छोट्या बल्बचे) टोक इकडेतिकडे टेकवले, तो लख्ख पेटला, आणि ‘वायरिंगमध्ये काही नाही, बॅटरी उतरली आहे’ असे सांगण्यात आले. बॅटरी बदलली. पुढच्याच रात्रीच्या प्रवासात तीच रडकथा. पुन्हा गेलो तेव्हा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग, बदला असे सुचवले गेले, आणि तो बदलूनही फरक पडला नाही तर स्टेटर, म्हणजे इंजिनमधले वीज तयार करणारे वेटोळे, उघडू, असेही. दिवे चालू ठेवून गाडी अर्धा तास तशीच राहू द्या, बिघाड गरम झाल्यावरच दिसतो, हे मी कळवळून सांगत होतो. पण गाडी समोर उभी असताना काहीही बिघडत नव्हते, म्हणून माझ्या सांगण्याला कोणी किंमत दिली नाही. प्रत्येक भेटीत तेच दोन मिनिटांचे निरीक्षण आणि बदलायचा एखादा नवा भाग.

टेस्ट लॅम्प लख्ख पेटत असताना बिघाड कसा असू शकतो, हे मला नंतर नीट उमगले. टेस्ट लॅम्पमधला बल्ब अगदी कमी करंट घेतो. जोड अर्धवट जळालेला असला, त्यात धातूचा जेमतेम स्पर्श उरलेला असला, तरी तेवढा करंट त्यातून सहज जातो. व्होल्ट, अँपिअर मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या काँटिन्युइटीचेही, म्हणजे वायर सलग आहे का हे बीप वाजवून सांगणाऱ्या चाचणीचेही, तसेच आहे. तो जोड तपासताना काही मिलिअँपिअरच पाठवतो, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. जोडाची खरी परीक्षा त्यातून पुरता करंट वाहत असतानाच होते. शिवाय सैल जोडातून करंट गेला की तो तापतो, तापला की त्याचा रोध वाढतो आणि रोध वाढला की तो आणखी तापतो. थंड गाडीवर दोन मिनिटांत हे दिसणारच नाही.

शेवटी मी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला आणि स्वतः मोजायला बसलो. आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर तिच्यावर १२.७ व्होल्ट होते, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. इंजिन चालू करून थ्रॉटल दिल्यावर फॉग लाइट आणि हेडलाइट लागलेले असतानाही १४.१. एवढ्या दोन आकड्यांत बॅटरी, रेग्युलेटर आणि स्टेटर हे तिघेही दोषमुक्त झाले. चार्जिंग होत असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसत असतील, तर रेग्युलेटर बदलण्यासाठी कोणाला एक पैसाही देऊ नये.

मग दिवे अर्धा तास चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायर आणि जोडांमध्ये वाया जाणारे व्होल्ट, मोजला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे दिव्याच्या धन वायरवर. तिथे ०.२ आले, ते क्षम्य आहे. मग एक टोक दिव्याच्या काळ्या वायरवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर. अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परतण्याच्या, या बाजूला खरे तर ०.१ च्या आसपास आकडा दिसायला हवा, तिथे १.६ दिसले. आणि हेडलाइटच्या मागे वायरिंगचा जुडगा बोटाने हलवला, तेव्हा आकडा ४ च्या वर उडाला आणि त्याच क्षणी स्पीडोमीटरचा पडदा विझला. मला झालेला आनंद शब्दांत सांगणे अवघड आहे. इतके दिवस ज्याला कोणी मानायला तयार नव्हते, तो बिघाड माझ्या दोन बोटांत सापडला होता.

हेडलाइटचा डोम उघडून त्या जुडग्यातला कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा जोड, बाहेर काढला. आठ पिनांच्या पांढऱ्या कपलरमध्ये काळ्या वायरच्या पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडले होते, पिनेची पकड सैल झाली होती आणि तिच्या टोकावर हिरवट भुकटी जमली होती. स्पीडोमीटर, पुढचे इंडिकेटर आणि हॉर्न या सगळ्यांचे अर्थिंग या एका पिनेतून जात होते, आणि दोन्ही फॉग लाइटच्या काळ्या वायरी वर्कशॉपने तिच्याच वायरला सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळून जोडल्या होत्या. कंपनीने ती पीन तिच्या मूळ भारापुरती दिलेली होती. तिच्यावर ३ अँपिअरचा कायमचा बोजा पडला आणि ती तापत गेली. अर्थिंग कमजोर झाले की करंट परतीची दुसरी वाट शोधतो, शेजारच्या दिव्यातूनही जातो. निळा दिवा लुकलुकत होता तो यामुळे.

दुरुस्ती एका दुपारी झाली. कपलरची पीन बदलली, फॉग लाइटच्या वायरी मूळ वायरिंगमधून पूर्णपणे सोडवल्या आणि त्यांना बॅटरीपासून स्वतंत्र वाट दिली. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेचा (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) ३० क्रमांकाचा टोक, ८७ मधून दिव्यांकडे, ८६ ला पार्किंग लाइटच्या वायरवरून हँडलवरच्या स्विचमार्गे इशारा आणि ८५ अर्थिंगला. रिलेची कॉइल अँपिअरच्या काही दशांशाइतकाच करंट घेते, त्यामुळे मूळ वायरिंगवर नगण्य भार येतो. दिव्यांच्या काळ्या वायरी १ चौरस मिलिमीटरच्या वायरने थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणल्या. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, रंगवलेल्या पट्टीला अर्थिंग देऊ नये, रंगातून करंट जात नाही. आता त्याच जागी ०.०५ व्होल्ट दिसतात.

आधी सांगायची राहिली ती गोष्ट अशी की, बॅटरी सोडवताना नेहमी ऋण टर्मिनल आधी आणि जोडताना ते शेवटी. धन बाजूचा नट फिरवताना पाना चॅसीला लागला तर तोपर्यंत परिपथ तुटलेला असतो. जोड पीळ देऊन करू नयेत, क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, ओढावी. वायरी पट्ट्यांनी बांधून टाकण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे, कारण स्टिअरिंगच्या मानेपाशी वायर ताणली गेली तर तिची तार आतल्या आत तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रिलेच्या आत डायोड असेल तर ८५ आणि ८६ यांची अदलाबदल चालत नाही.

चार्जिंगचा आकडा खरोखरच कमी आला, तरच स्टेटरकडे वळावे. रेग्युलेटरकडे जाणाऱ्या त्याच्या तीन वायरींचा कपलर सोडवून, इंजिन चालू ठेवून, एसीवर दोन-दोनच्या जोड्या मोजाव्यात. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. इंजिन बंद केल्यावर त्यांपैकी एकही वायर चॅसीशी जोडलेली दिसता कामा नये.

आणि गाडी उभ्या उभ्या बॅटरी उतरत असेल तर तो वेगळा शोध आहे. चावी बंद ठेवून ऋण टर्मिनल सोडवावे, मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये धरावा, आणि तो तसा असताना चुकूनही स्टार्टर दाबू नये, मल्टिमीटरचा फ्यूज लगेच उडतो. घड्याळ आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) यांच्यासाठी काही मिलिअँपिअर जाणे स्वाभाविक आहे. आकडा त्याहून बराच मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जावे आणि ज्यामुळे तो खाली येईल त्या वाटेने शोधावे. माझ्या गाडीत हा आकडा आता २ मिलिअँपिअर आहे.