18 दिवस झाले, एकही नख सुटलं नाही

आज सकाळी शेजारच्या काकू हात दाखवायला आल्या. मी त्यांच्या नखांना जेल, म्हणजे लॅम्पच्या प्रकाशात कडक होणारं नेलपॉलिश, लावलं त्याला आज 18 दिवस झाले. दहाही नखं मी एकेक करून दिव्याखाली पाहिली, ऑरेंज स्टिकचं, म्हणजे बारीक लाकडी काडीचं, टोक क्युटिकलच्या (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या) कडेनं हळूच फिरवलं. कुठेच अडकलं नाही. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणून मुळाशी दोनेक मिलिमीटरची कोरी पट्टी दिसत होती आणि तिच्यापुढे जेल होतं तसंच चिकटलेलं. काकू परवापर्यंत कापूस वेचणीला जात होत्या. दसऱ्यापासून मी हेच बघायला आसुसले होते.

अंगठ्यांचंच जेल का सुटतं, हे कोडं सुटल्याचं मागच्या वेळी लिहिलं होतं: चार बोटं आधी क्युअर करायची, म्हणजे लॅम्पखाली धरून जेल कडक करायचं, अंगठे नंतर वेगळे, सरळ धरून. वाटलं, लिफ्टिंग, म्हणजे जेल नखावरून सुटणं, संपलं. मग कापसाची वेचणी सुरू झाली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एकेक जण परत यायला लागली. एकजण म्हणाली, "ताई, काल भाकर थापता थापता निंगालं पहा, अख्खं पापुद्र्यासारखं." सगळ्यांचं मुळाशीच सुटायचं. फ्री एज, म्हणजे नखाची पुढची कड, मी जेलनं नीट कॅप करते (झाकते), त्यामुळे टोकाकडून तक्रार नव्हती. दिवाळीपर्यंत 14 जणींचं पुन्हा फुकट करून दिलं. 250 रुपयांच्या कामात हे परवडत नाही, पण गावात एकीचं नख सुटलं की ते दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्यांना कळतं.

पहिला संशय लॅम्पवर. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज इतकं पडतं की पंखा रेंगाळतो. अ‍ॅडॉप्टर उलटून बघितलं तर इनपुट 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं, म्हणजे तो दोष बाद. मात्र त्याच स्टिकरवर दुसरी गोष्ट सापडली. आउटपुट 12 व्होल्ट, 1.5 अ‍ॅम्पिअर. गुणाकार करा: 18 वॅट. आणि लॅम्पच्या झाकणावर ठसठशीत 54! ज्यांनी ऑनलाइन स्वस्तातला लॅम्प घेतलाय त्यांनी आजच अ‍ॅडॉप्टर वाचावं. अर्धवट क्युअर झालेलं जेल नुसतं सुटत नाही, त्यातल्या रसायनाची, म्हणजे अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी लागू शकते आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मी बचत गटाच्या कर्जातून 24 व्होल्ट, 2 अ‍ॅम्पिअरचा लॅम्प आणला. 99 सेकंदांचं बटण लो हीटचं असतं, तेही वापरणं बंद केलं, सरळ 60 सेकंद. जेल कडक व्हायला लागलं. लिफ्टिंग तसंच राहिलं.

मग जेलच्या आधी पकडीसाठी लावायचं प्रायमर बदललं. मग बेस कोट, म्हणजे जेलचा सगळ्यात खालचा थर. नागपूरला इतवारीत एका होलसेल दुकानातून घेतलेली बाटली उघडली तर आधीच घट्ट झालेली होती, झाकणाच्या आट्यांवर वाळलेलं जेल. कोणीतरी पुन्हा भरलेली असावी असा मला दाट संशय आहे. सील असलेलीच बाटली घ्या, पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील. नवी घेतली ती टीपीओ (लॅम्पखाली जेल कडक व्हायला मदत करणारं रसायन) नसलेली. युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून कॉस्मेटिक्समध्ये टीपीओ बंद केलं आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक विचारत नाही, पण दिवसभर ते हाताळणारी मीच आहे.

तरीही सुटतच होतं. एका रात्री मी वही घेऊन बसले. ऑगस्टपासून मी प्रत्येकीचं लिहून ठेवते: तारीख, कोणतं बेस, किती सेकंद, कोणतं बोट सुटलं. वेचणीमुळे म्हणावं, तर सुटलेल्यांत शिवणकाम करणारी एक होती आणि शाळेतल्या मॅडमही होत्या. टिकलेल्या तिघीच सापडल्या. एकीला यवतमाळची बस गाठायची घाई होती. एकीच्या बोटाला विळा लागून पट्टी होती. तिसरी आली त्या संध्याकाळी आमचा गॅस संपला होता.

गॅस संपला होता, म्हणून मी पाणी गरम केलं नव्हतं. बसवालीला वेळ नव्हता. पट्टी ओली करायची नव्हती. तिघींचेही हात टबात गेलेच नव्हते!

वेचणी सुरू झाल्यावर बायांचे हात कसे होतात ते तुम्हाला सांगायला नको. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात, नखाभोवतीची कातडी फाटते, भेगांत माती बसते. ते बघून माझ्यानं राहवेना, म्हणून मी कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून दहा मिनिटं हात भिजवायला लागले. पार्लरच्या कोर्समध्ये मॅनिक्युअर तसंच शिकवलं होतं. साध्या नेलपॉलिशला ते अनेक वर्षं चालूनही गेलं. पण नख पाणी पितं, किंचित फुगतं आणि पसरतं. त्या फुगलेल्या नखावर आपण जेल कडक करतो. पुढे काही तासांत पाणी उडतं, नख मूळ आकारावर येतं, वरचं जेल मात्र येत नाही. तिथेच पकड सुटते. वरून कोरडं दिसतं म्हणून फसायला होतं. जेलच्या आधी लावायचं डिहायड्रेटर वरचा ओलावा काढतं, आत मुरलेलं पाणी त्याच्यानं निघत नाही.

खात्री करायला जाऊबाईंना बसवलं. डावा हात भिजवून, उजवा कोरडा, बाकी सगळं सारखं. पाचव्या दिवशी डाव्या हाताची तीन नखं उचलली. उजव्याचं आजही जागेवर आहे. त्या वैतागून डावा हात खरवडायला निघाल्या होत्या, मी थांबवलं, कारण खरवडलं की नखाचा थर सोबत येतो. सोक ऑफच केलं, म्हणजे अ‍ॅसिटोननं भिजवून काढलं.

आता क्रम असा: हात घरूनच भांड्याच्या साबणानं आणि ब्रशनं धुऊन यायचं, तासभर आधी, आणि नंतर तेल-व्हॅसलीन काही नाही. टेबलावर पाण्याचा थेंब नाही. पुशर कोरडाच, मग ई-फाइलला (विजेवर फिरणाऱ्या कानशीला) लाल पट्टीचा, म्हणजे कमी खरखरीत, बारीक फ्लेम बिट (ज्योतीच्या आकाराचं टोक), हळू स्पीडवर, नखाला चिकटलेली अदृश्य कातडी निघेपर्यंत. 180 ग्रिटच्या (खरखरीतपणाच्या) बफरनं नखाची फक्त चकाकी घालवायची. मग पुसायला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, 99 टक्क्यांचं. मेडिकलमधल्या 70 टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं, ते मी आता फक्त अवजारांसाठी ठेवलंय. ई-फाइल ही माझी सगळ्यात चांगली खरेदी ठरली, हे पुन्हा सांगते.

टबाचं काय करायचं, हा प्रश्न मला खरंच लागून राहिला होता. 18 दिवसांपूर्वी काकूंचं जेल क्युअर होत असताना सहज टब त्यांच्या पायाखाली सरकवला. काम संपलं तरी त्या उठेनात. "पाय लय ठणकून राह्यले व बाई, राहू दे अजून जराकसं." तेव्हापासून प्रत्येकीला देते. पायांना जेल लावायचं नसेल तर पाणी हवं तितका वेळ.

पुढचं ठरलं होतं एक्स्टेन्शनचं, म्हणजे नखं लांब करून देण्याचं: जानेवारीत पॉलीजेलचा (त्यासाठीच्या घट्ट जेलचा) कोर्स. हे लिहिता लिहिताच वाटतंय की तो पुढे ढकलावा. इथे वेचणीची मजुरी किलोवर मिळते, लांब नख बोंडात अडकलं तर त्या बाईचा दिवसाचा कापूस कमी भरतो. तिला नखं लग्नापुरती, दोन दिवस हवी असतात. मग प्रेस-ऑन, म्हणजे वरून चिकटवायची तयार नखं, का नाही? मापाचे सेट मी रात्री निवांत रंगवीन, चिकट टॅबवर लावायचे, लग्न झालं की काढून डबीत ठेवायचे, पुढच्या लग्नाला तेच. टिप्स, म्हणजे ही प्लास्टिकची नखं, 0 ते 9 अशा दहा मापांत येतात. नखावर पारदर्शक टेप लावून, कडेच्या रेषा आखून, तो तुकडा वहीत चिकटवला की माप कायमचं झालं. एका मुलीचं माप आत्ताच काढून आणलं, दोन्ही हातांचे अंगठे वेगवेगळ्या मापाचे निघाले. रविवारी तिच्या भावाचं लग्न आहे, मरून रंगावर सोनेरी कॅट आय (चुंबकानं उमटवलेली चमकती रेघ) करतेय. थंडीत टॅब हातानं थोडे गरम करून लावले तर पकड वाढते का, हे कोणी करून पाहिलं असेल तर शनिवारच्या आत सांगा.