फाइल मी नाही, ओरॅकल उघडतं

साखर कारखान्याची ऊसबिलं ओरॅकल या डेटाबेसमध्ये तयार व्हायची. माझं काम एवढंच: प्रोसिजरमधूनच, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅममधून, त्यांची टेक्स्ट फाइल लिहायची आणि बँकेची परतीची फाइल वाचून कोणाचे पैसे जमा झाले ते टेबलात नोंदवायचं. त्यासाठी यूटीएल_फाइल हे फाइली लिहिण्या-वाचण्याचं तयार पॅकेज ओरॅकल ७.३ पासून आहे. म्हटलं, दोन दिवसांत उरकेल.

लॅपटॉपवरच्या सी ड्राइव्हमधल्या फोल्डरचा पत्ता देऊन डिरेक्टरी ऑब्जेक्ट, म्हणजे त्या फोल्डरचं ओरॅकलमधलं नाव, बनवला. ओरॅकलने निमूट बनवून दिला. फाइल उघडायला गेलो तर ओआरए-२९२८३ ही एरर: फाइल उघडता येत नाही. डेटाबेस सांभाळणारा डीबीए हसला. "अरे, प्रोसिजर सर्व्हरवर चालते. तुझा सी ड्राइव्ह तिला कुठून दिसणार?" ऑब्जेक्ट बनवताना ओरॅकल फोल्डर खरंच आहे का ते बघतच नाही, हे तेव्हा कळलं.

मग सर्व्हरवरच्या माझ्या होम फोल्डरमध्ये ‘बिल’ फोल्डर केला, सगळ्या परवानग्या खुल्या केल्या. तरी तीच एरर. फाइल उघडतो तो सर्व्हरवरचा ओरॅकल नावाचा युजर, आणि माझं होम फोल्डर त्याला बंद. आतली खोली सताड उघडी, पण वाड्याच्या दिंडीला कुलूप! एका सिनियरांनी ‘यूटीएल_फाइल_डिर पॅरामीटर टाक’ अशी फोल्डर सांगण्याची जुनी पद्धत सुचवली, पण आमचा डेटाबेस १९सी आवृत्तीचा आणि तो पॅरामीटर १८सी पासून बंदच. शेवटी डीबीएने वेगळा फोल्डर दिला. तरी ओआरए-२९२८०, म्हणजे डिरेक्टरी चुकीची, कारण डिरेक्टरीचं नाव मी कोडमध्ये स्मॉल लेटर्समध्ये लिहिलं होतं. ते कॅपिटलमध्येच लागतं.

फाइल बनली. इंग्रजी नावांच्या टेस्ट डेटावर झकास. खरी बिलं लावली आणि मध्येच ओआरए-२९२८५, म्हणजे फाइलमध्ये लिहिता येत नाही. फाइल उघडताना ओळीची कमाल लांबी दिली नाही तर ती १०२४ बाइट धरली जाते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. नुसत्या ‘श्री’चे १२ बाइट! सभासद, गाव, सोसायटीची कपात, तोडणी, वाहतूक असं सगळं एका ओळीत असल्यावर किती पुरणार? लांबी ३२७६७ दिली, प्रश्न मिटला.

वाचण्याची बाजू मात्र लबाड निघाली. प्रोग्रॅम म्हणाला, ‘यशस्वी’. टेबलात एकही नोंद नाही. फाइल संपली की एकेक ओळ वाचणारं गेट_लाइन ‘नो_डेटा_फाउंड’ हा अपवाद, म्हणजे एरर, फेकतं, म्हणून मी तोच अपवाद पकडून लूप संपवत होतो. पण लूपमध्ये टेबलात खातं शोधणारी सिलेक्ट क्वेरीही होती. खातं नाही सापडलं की तीही तेच फेकते. आणि पहिलंच खातं सापडत नव्हतं, कारण बँकेची फाइल विंडोजवर बनलेली. खाते क्रमांक ओळीच्या शेवटी, आणि विंडोज ओळ संपताना टाकतं तो कॅरेज रिटर्न त्याला चिकटलेला, डोळ्यांना दिसत नाही. पहिल्याच ओळीला ‘फाइल संपली’ समजून माझा प्रोग्रॅम आनंदाने बाहेर पडत होता.

आरट्रिम या फंक्शनने तो कॅरेज रिटर्न, म्हणजे सीएचआर(१३), छाटला. सिलेक्टला स्वतःचा वेगळा ब्लॉक दिला, न सापडलेली खाती वेगळ्या टेबलात टाकली. त्या रात्री पुन्हा चालवलं तेव्हा त्या टेबलात सात ओळी आल्या. सातही खाती खरोखरच चुकीची होती.