बॅरल म्हणजे नेमके किती लिटर?

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत २०० लिटरच्या लोखंडी ड्रमलाही बॅरलच म्हणतात. बातमीतलं कच्च्या तेलाचं बॅरल मात्र वेगळं: ४२ अमेरिकन गॅलन, म्हणजे १५८.९८७ लिटर. दोन्ही एकच धरले, तर हिशेब सव्वाशे टक्क्यांवर जातो.

तोंडी हिशेबाला सोपी रीत आहे. बॅरलची संख्या १६० ने गुणा आणि उत्तरातून तीच संख्या वजा करा. ७ बॅरल असतील तर ११२० वजा ७, म्हणजे १११३ लिटर. काटेकोर उत्तर १११२.९ येतं, एवढा फरक चालतो. उलट जायचं तर लिटरला १५८.९८७ ने भागा.

गॅलन कोणता, हे आधी बघा. अमेरिकन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. ४२ ला चुकून ब्रिटिश गॅलनने गुणलं की १९०.९ लिटर येतात, आणि आकडा २०० च्या जवळ असल्याने चूक कोणाच्या लक्षातच येत नाही! बिअरचं बॅरल तर आणखी निराळं.

ड्रममध्ये उरलेलं तेल पट्टी बुडवून मोजता येतं. आतला व्यास ५७ सेंमी असेल, तर उभ्या ड्रममध्ये दर सेंटीमीटरला साधारण २.५५ लिटर. आडव्या ड्रमला हे लागू नाही.

नागपूरचा मे महिना विसरू नका. १५ अंशांना २०० लिटर भरलेलं डिझेल ४५ अंशांना सुमारे ५ लिटरने फुगतं. म्हणून ड्रम काठोकाठ भरू नये, आणि मोजमापासोबत तापमान लिहून ठेवावंच.