नॉर्दॅम्प्टनशायरची चॅपेले (भिन्नपंथीयांची प्रार्थनागृहे) आणि मराठीचे व्याकरण

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेच्या खुणा पाहत वाढल्यामुळे चर्च सगळीकडे एकाच पद्धतीचे असते, असा माझा समज कधी नव्हता. तरीही इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्याचा इतिहास वाचताना मी चकित झालो. १६६२ च्या कायद्याने सरकारी चर्चची प्रार्थनापद्धती सक्तीची केली आणि ती न मानणारे सुमारे २,००० धर्मोपदेशक इंग्लंडभर पदांना मुकले. १६८९ मध्ये या भिन्नपंथीयांना उपासनेची मुभा मिळाली, परंतु ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळाली नाही. म्हणूनच १७२९ च्या अखेरीस नॉर्दॅम्प्टनला आलेल्या फिलिप डॉडरिज या भिन्नपंथी धर्मोपदेशकांनी तेथे चालवलेले स्वतंत्र विद्यालय मला फार मोलाचे वाटते.

याच परगण्यात विल्यम कॅरी हा जोडे शिवणारा तरुण बॅप्टिस्ट, म्हणजे प्रौढपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या भिन्नपंथाचा, उपदेशक झाला. (हातमागांच्या गावातल्या माणसाला हे विशेष भावते.) १७८३ मध्ये नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला, १७९२ मध्ये केटरिंगच्या एका घरात बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, आणि १८०५ मध्ये त्या संस्थेतर्फे भारतात आलेल्या त्याच कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले, हे श्रीरामपूर अर्थातच बंगालमधले, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे.